जाईच्या तेलात सापडलेली हवा

अत्तरासाठी जाईची फुलं खुडायची ती पहाटे, ऊन चढायच्या आत. उन्हं वर आली की वास उडू लागतो आणि फुलाचं मोल उतरतं. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या आसपासच्या मळ्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आपण जिला जाई किंवा चमेली म्हणतो तिचीच ही जात. एका किलोत आठेक हजार फुलं बसतात आणि एक किलो अर्क हाती यायला सहा-सातशे किलो फुलं लागतात. म्हणजे पन्नास लाखांच्या घरात फुलं, आणि ती सगळी हातांनी, एकेक करून खुडलेली. असा अर्क महाग असणारच. त्यामुळे त्यातला वास नेमका कशात आहे, आणि तो कारखान्यात बनवता येईल का, हा प्रश्न सुगंधाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला छळत होता.

उत्तर शोधण्याचे प्रयत्न जुने होते. १८९९च्या सुमाराला आल्बर्ट हेसे या जर्मन रसायनज्ञाने जाईच्या तेलातले बरेच घटक वेगळे केले. बेंझिल ॲसिटेट सापडलं, तेलात सर्वांत जास्त तेच असतं. लिनॅलूल सापडलं. इंडोल सापडलं. हे शुद्ध रूपात नाकाला लावलं तर कुजकट येतं, पण चिमूटभर असलं की फुलाला जिवंतपणा आणतं. जास्मोन सापडलं, आणि त्याची रचना १९३३मध्ये लेओपोल्ड रुझिच्का यांनी उलगडली. पुढे १९३९मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते हेच रुझिच्का. एवढं सगळं हाती असूनही हे घटक मोजूनमापून एकत्र केले की बाटलीत जाई उतरत नव्हती. वास ओळखू यायचा, पण सपाट. फुलाभोवती जो एक ओलसर, मोकळा अवकाश असतो तो त्यात नसायचा. तेलात अजून काहीतरी होतं, इतकं थोडं की कोणाच्या चिमटीत येत नव्हतं.

गोष्टीचा दुसरा धागा लिंबाचा आहे, आणि तो जाईहूनही जुना. इटलीहून जर्मनीतल्या कोलोन शहरात येऊन स्थिरावलेल्या योहान मारिया फारिना यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिंबू, बर्गमोट, संत्र्याची फुलं यांच्या तेलांचं एक हलकं सुगंधी पाणी बनवलं. आज आपण ज्याला कोलन म्हणतो त्याचा उगम तिथला. युरोपातल्या राजघराण्यांना ते आवडलं, नेपोलियन ते मुबलक वापरायचा. पुढची अडीचशे वर्षं 'ताजा वास' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच पाणी यायचं.

पण लिंबाच्या वासाला एक जन्मजात खोट आहे. लिंबाच्या सालीतला मुख्य रेणू लिमोनीन. तो छोटा, हलका आणि चंचल. त्वचेवर पडला की अंगाच्या उबेनेच उडून जातो. आपल्याकडच्या हवेत तर आणखी लवकर. सकाळी अंगावर शिंपडलेलं कोलन घरातून निघून स्टेशन गाठेपर्यंत संपलेलं असतं. मग अत्तरकार काय करायचे, तर त्याला धरून ठेवायला खाली जड माल घालायचे. ओकच्या झाडावरचं शेवाळ, कस्तुरीसारखे वास, राळ, चंदन. त्याने वास टिकायचा, पण टिकायचा तो जड मालाचा. लिंबू जायचं आणि मागे गोडसर, दाट, उबदार काहीतरी अंगाला चिकटून राहायचं. ताजेपणा हवा तर टिकाऊपणा सोडा, टिकाऊपणा हवा तर ताजेपणा विसरा, असा तो पेच होता. अडीचशे वर्षं तो कोणाला सुटला नाही.

पेच सुटला तो लिंबाच्या वाटेने नव्हे. जाईच्या तेलात सुटला.

जिनीव्हामध्ये फिर्मेनिश नावाची सुगंधी रसायनं बनवणारी कंपनी होती (२०२३मध्ये ती डीएसएममध्ये विलीन झाली). १८९५मध्ये सुरू झालेली, रुझिच्कांशीही जुने संबंध असलेली. तिथे एद्वार देमोल नावाचे रसायनज्ञ जाईच्या तेलाच्या मागे लागले होते. फ्रान्समधले नामवंत जीवरसायनज्ञ एदगार लेदरेर त्यांच्या जोडीला होते. १९५०चं दशक म्हणजे रसायनज्ञांच्या हाती नवी हत्यारं आल्याचा काळ. मिश्रणातले घटक एकापासून एक सोडवून घेण्याच्या क्रोमॅटोग्राफीच्या पद्धती नुकत्याच बाळसं धरत होत्या. पूर्वी ज्या अंशाला 'उरलंसुरलं' म्हणून बाजूला टाकावं लागे, त्यातूनही आता एकेक पदार्थ निवडून काढता येऊ लागला. या उरल्यासुरल्यातच त्यांना हवी ती वस्तू मिळाली. १९६२मध्ये देमोल, लेदरेर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा निबंध 'हेल्व्हेटिका किमिका आक्टा' या स्विस नियतकालिकात आला. मिथिल जास्मोनेट. जाईच्या तेलातला अगदी थोडा, पण तेलाला त्याचं जाईपण देणारा घटक.

आता हा रेणू जरा जवळून बघायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्या एका बारकाव्यावर उभं आहे. मध्ये पाच कार्बन अणूंचं कडं. त्याला एका बाजूने एस्टरचा छोटा हात. दुसऱ्या बाजूने पाच कार्बनांची शेपटी. या शेपटीत एका ठिकाणी दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले, आणि तोही विशिष्ट बाजूला वळलेला. प्रयोगशाळेत हा रेणू बनवायचा तर तो वळलेला दुहेरी बंध नेमका साधणं हे सर्वांत किचकट काम. पण त्या बंधावर हायड्रोजनचे दोन अणू बसवले तर शेपटी सरळ, साधी होते आणि रेणू बनवणं कितीतरी सोपं जातं. बाकी सगळं जागच्या जागी. अणूंच्या हिशेबात २२४ वजनाचा रेणू २२६चा होतो, एवढाच फरक. या दोन हायड्रोजनवाल्या भावंडाचं रासायनिक नाव मिथिल डायहायड्रोजास्मोनेट. फिर्मेनिशने त्याचं बाजारातलं नाव ठेवलं हेडिओन.

आणि इथे गोष्ट जवळजवळ संपलीच होती. अत्तरकारांनी हेडिओन नाकाला लावलं आणि बऱ्याच जणांना ते बिनकामाचं वाटलं. हे समजण्यासारखं आहे. सुगंधी रसायनांच्या छोट्या बाटल्या आता आपल्याकडेही मिळतात. हेडिओनचं पातळ द्रावण कागदाच्या पट्टीवर घेऊन बघा. पहिल्यांदा काहीच येत नाही. मग वाटतं, काहीतरी आहे, फिकट फुलासारखं, थोडं लिंबाच्या सालीसारखं. पट्टी नाकाला आणखी टेकवली तर तेही हरवतं. हात लांब केला, पट्टी टेबलावर ठेवून दुसरीकडे वळलं, की मात्र वास आपणहून येतो. जवळून मुका आणि लांबून बोलका, असा हा विलक्षण पदार्थ. काही नाकांना तो जवळजवळ येतच नाही. नवीन वास म्हणजे जोरदार, ठसठशीत वास, असं मानणाऱ्या धंद्यात अशा पदार्थाला कोण विचारणार?

विचारलं ते एका माणसाने.

एदमों रुदनित्स्का १९०५मध्ये नीस शहरात जन्मले. हेडिओन आलं तोवर अत्तराच्या जगात त्यांचं नाव मोठं झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४मध्ये त्यांनी रोशा कंपनीसाठी 'फाम' बनवलं. युद्धानंतर ग्रासजवळच्या डोंगरावर, काब्री गावात घर आणि प्रयोगशाळा थाटली आणि तिथून स्वतंत्रपणे काम केलं. एखाद्या कंपनीत नोकरी केली असती तर विक्री खात्याने वेळ दिला नसता. इथे एका अत्तरावर ते वर्षानुवर्षं घालवू शकत होते. घराभोवती मोठी बाग होती. लिली ऑफ द व्हॅली या फुलाचं तेल कुठल्याच पद्धतीने काढता येत नाही, म्हणून त्यांनी ती फुलं बागेत लावली, त्यांचा वास वर्षानुवर्षं घेत राहिले आणि तो निव्वळ इतर द्रव्यांतून उभा केला. ते १९५६चं 'दिओरिसिमो'. हा माणूस दाट, गोड अत्तरांना कंटाळला होता. त्याला वजाबाकी हवी होती. कमी घटक, आणि घटकांच्या मधे श्वास घ्यायला जागा.

हेडिओन हातात आलं तेव्हा इतरांना जिथे दुबळा वास दिसला तिथे रुदनित्स्कांना ही जागा दिसली, असं मला मनापासून वाटतं. शोधाचा खरा क्षण मी इथे मानतो. देमोल यांनी रेणू शोधला. रुदनित्स्कांनी तो कशासाठी आहे ते शोधलं.

फ्रेंच फॅशन कंपनी दिओरसाठी पुरुषांचं पहिलं मोठं अत्तर बनवायचं होतं. रुदनित्स्कांनी पाया जुन्या कोलनचाच घेतला. लिंबू, बर्गमोट, रोझमेरी, लॅव्हेंडर, थोडी बेझिल, खाली ओकचं शेवाळ आणि वाळा. यात नवीन काहीच नव्हतं. मग त्यात दोन टक्क्यांच्या आसपास हेडिओन घातलं. आज काही अत्तरांत हेच द्रव्य चौथा-पाचवा हिस्सा व्यापून असतं, त्यामुळे दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण या दोन टक्क्यांनी आक्रीत केलं. हेडिओन लिंबासारखं भुर्रकन उडत नाही, रेणू बराच मोठा असल्याने तासन्‌तास त्वचेवर राहतं. आणि जड मालासारखं इतर वासांना दाबतही नाही. उलट त्यांना लांब पोचवतं, मोकळं करतं. लिंबू उडून गेल्यावरही लिंबाने जो उजेड केला होता तो मागे राहतो. १९६६मध्ये ते बाजारात आलं. नाव 'ओ सोव्हाज'. रने ग्रुओ यांच्या कुंचल्यातल्या, थोडक्या रेषांच्या जाहिरातींनी ते सर्वदूर गेलं. पुरुषांसाठी म्हणून आलेलं हे अत्तर बायकांनी उचललं, नवऱ्याच्या कपाटातून घेऊन वापरलं. रुदनित्स्कांनीच पुढे १९७२मध्ये त्याच घराण्यातलं, बायकांसाठीचं 'दिओरेला' केलं.

अडीचशे वर्षांचा पेच असा सुटला. ताजेपणा टिकू लागला, आणि टिकूनही ताजा राहू लागला.

गंमत अशी की त्याच वर्षी, १९६६मध्ये, अटलांटिकच्या पलीकडे याच प्रश्नाचं दुसरं उत्तर जन्माला येत होतं. ज्यांच्या हातून ते आलं त्यांना अत्तराशी देणंघेणं नव्हतं.

तो काळ मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा होता. हॉफमन-ला रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं लिब्रियम १९६०मध्ये आणि व्हॅलियम १९६३मध्ये बाजारात आलं होतं, आणि जगभरच्या औषध कंपन्या त्याच सांगाड्याच्या आसपासचे रेणू बनवून बघत होत्या. फायझरमध्ये बीअरबूम, कॅमेरॉन आणि स्टीफन्स हे रसायनज्ञ ज्या गटाच्या पदार्थांवर काम करत होते त्यात सात अणूंच्या कड्यात नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन बसलेला होता. औषध काही मिळालं नाही. त्यातल्या एका पदार्थाला मात्र भलताच वास होता. कापलेल्या कलिंगडाचा, त्यातही लाल गरापेक्षा सालीलगतच्या हिरवट-पांढऱ्या भागाचा, आणि त्यामागे खारं वारं, कच्चं कालव. असा वास तोवर कुठल्याच अत्तरात नव्हता. फायझरच्याच मालकीची ग्रासमधली कामिली, आल्बेर आणि लालू ही सुगंधी द्रव्यांची कंपनी होती. तिच्या आद्याक्षरांवरून या पदार्थाचं नाव पडलं कॅलोन.

पुढची वीस वर्षं कॅलोन बऱ्यापैकी अडगळीत पडून होतं. पेटंट एका कंपनीकडे, आणि वास इतका चमत्कारिक की घालायचं कशात? हेडिओनचा दोष दुबळेपणाचा मानला गेला, कॅलोनचा दांडगाईचा. अगदी कणभर टाकलं तरी ते सगळ्या मिश्रणाचा ताबा घेतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीला पेटंटची मुदत सरली आणि हवाही पालटली. त्या दशकातली अत्तरं दणदणीत होती, खोलीत माणसाआधी अत्तर शिरायचं. लोक उबगले होते, त्यांना स्वच्छ, धुतलेलं काहीतरी हवं होतं. १९८८मध्ये अरामिसच्या 'न्यू वेस्ट'ने कॅलोन उघडपणे पुढे केलं. त्याच वर्षी पिएर बूर्दों यांचं 'कूल वॉटर' आलं. त्याचा मुख्य आधार डायहायड्रोमिर्सिनॉल नावाच्या तिसऱ्याच रेणूचा, पण दोघांची दिशा एक, पाण्याची. १९९२मध्ये इस्से मियाकेचं 'लो दिस्से' आणि १९९६मध्ये आर्मानीचं पुरुषांसाठीचं 'आक्वा दि जो'. यानंतर समुद्राच्या वासाला धरबंद राहिला नाही. शाम्पू, दाढीचा फेस, गाडीत टांगायची सुगंधी पट्टी, कपड्यांचा साबण, सगळीकडे तेच निळं पाणी.

माझ्यासारख्या रोज अत्तर लावणाऱ्याने 'ओ सोव्हाज' आणि 'आक्वा दि जो' समोरासमोर ठेवून बघावीत, असं मला फार वाटतं. ज्यांना ताजे म्हणतात अशा वासांची ही दोन मूळ पीठं आहेत. बाजारातलं जवळजवळ प्रत्येक 'फ्रेश' अत्तर यांपैकी एकाचं तरी नातलग निघतं.

एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं. चोळायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. 'ओ सोव्हाज' पहिल्या क्षणी सरळ लिंबू आहे, कागदी लिंबाची साल नखाने पिळल्यावर डोळ्यात तुषार जातो तसा तिखट. बर्गमोटचा कडवटपणा पाठोपाठ. मग बेझिल. तुळशीच्याच कुळातली, पण तुळशीपेक्षा गोडसर. इथपर्यंत हे जुनं कोलनच. अर्ध्या तासाने लिंबू गेलेलं असतं आणि आता जे उरतं त्याला नाव देणं अवघड. फूल म्हणावं तर फूल दिसत नाही. खाली वाळ्याचा सुका, मातकट थर आहे, पण त्याच्या आणि नाकाच्या मधे एक मोकळी जागा आहे. मनगट नाकाशी नेलं की वास मागे सरतो, हात खाली केला की पुन्हा येतो. कागदाच्या पट्टीवर हेडिओनने केलं होतं तेच.

'आक्वा दि जो' पहिल्या क्षणापासून मोठं आहे. लिंबूवर्गी फळं, रोझमेरी, आणि लगेच ते कलिंगडाच्या सालीचं पाणी. छान वाटतं, पटकन आवडतं, दुकानात उभ्या माणसाला तर पहिल्या फवाऱ्यातच जिंकतं. आर्मानींची सुट्टी जिथे जायची त्या पांतेलेरिया बेटाच्या समुद्रावरून ते सुचलं असं सांगितलं जातं. पण हा समुद्र आपल्या ओळखीचा नाही. खऱ्या किनाऱ्याच्या वासात शेवाळातून आणि सूक्ष्म वनस्पतींतून येणारं डायमिथिल सल्फाइड असतं, गंधकाचं. कोकणात एखाद्या बंदरावर उतरलं की सुकत घातलेली मासळी, ओली जाळी, डिझेल आणि भरतीचा चिखल हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि तो समुद्र मला प्रिय आहे. कॅलोनचा समुद्र यातलं सगळं पुसून फक्त निळाई ठेवतो. त्याला खोटं म्हणण्याचं मला कारण दिसत नाही. माणसाने मनात धरलेला समुद्र असाच असतो. पण तो वास मिटत नाही, मागे सरत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, एसी बंद पडलेल्या बैठकीच्या खोलीत तो जागा व्यापतो. उष्ण दमट हवेत हे आणखी जाणवतं, कारण अंग तापलं की सगळेच रेणू जोमाने सुटतात आणि कॅलोन तर मुळातच मोठ्या आवाजाचं.

मग लोकांना 'आक्वा दि जो' इतकं का आवडतं, आणि त्याच्या नकलांपैकी कितीतरी अत्तरं डोकं का उठवतात? यालाही उत्तर आहे आणि ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत सुंदर वळण वाटतं. 'आक्वा दि जो'चं मुख्य श्रेय ज्यांच्याकडे जातं ते आल्बेर्तो मोरियास हे सेव्हियामध्ये जन्मलेले आणि फिर्मेनिशमध्ये घडलेले अत्तरकार. फिर्मेनिश, म्हणजे देमोल यांची कंपनी. हेडिओनचं घर. मोरियास यांनी त्या निळ्या पाण्याखाली भरपूर हेडिओन घातलं आहे. फायझरच्या दांडग्या रेणूभोवती जिनीव्हाचा मुका रेणू पसरून ठेवला आहे. समुद्र कॅलोनचा असला तरी त्यावरची हवा जाईच्या तेलातली आहे. १९६६मध्ये दोन खंडांत, एकमेकांना न ओळखता पुढे आलेले दोन रेणू तीस वर्षांनी एका बाटलीत भेटले. नकला करणाऱ्यांनी बहुतेकदा कॅलोन उचललं, कारण ते ओळखू येतं, आणि थोडक्यात काम भागवतं. हेडिओनवर हात आखडला. म्हणून त्यांच्या बाटलीत पाणी आहे आणि श्वास घ्यायला जागा नाही.

जास्मोनेटची गोष्ट मात्र अत्तराच्या बाटलीत मावली नाही. देमोल यांचा निबंध आला तेव्हा तो सुगंधाच्या धंद्यातला मामला होता. जाईने हा पदार्थ का बनवावा, याची फारशी कोणाला फिकीर नव्हती. १९८०मध्ये जपानमध्ये उएदा आणि कातो यांना तोच पदार्थ दवण्याच्या कुळातल्या एका झुडपात सापडला, आणि त्याने पानं पिकतात, म्हातारी होतात, असं त्यांनी दाखवलं. १९९०मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एडवर्ड फार्मर आणि क्लॅरन्स रायन यांनी एक प्रयोग केला, साधा आणि थक्क करणारा. सेजब्रश नावाचं रानटी झुडूप मिथिल जास्मोनेट हवेत सोडतं. त्याची फांदी आणि टोमॅटोची रोपं त्यांनी एकाच बंद भांड्यात ठेवली. एकमेकांना स्पर्श नाही, मधे फक्त हवा. टोमॅटोच्या पानांनी किडीच्या पोटात अन्न पचू न देणारी प्रथिनं बनवायला सुरुवात केली. पानांवर कीड नव्हती. नुसता हवेतून निरोप आला होता. आज वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी जास्मोनेट शिकतो ते झाडाचं संरक्षण चालवणारं एक मुख्य संप्रेरक म्हणून. सगळ्या झाडांत ते असतं. जाईत ते वासात उतरलं, म्हणून माणसाला आधी तिथे सापडलं.

२०१५मध्ये जर्मनीतल्या बोखम आणि ड्रेसडेनच्या संशोधकांनी हेडिओन माणसाच्या नाकातल्या व्हीएनवनआरवन या ग्राहीला (रिसेप्टरला) जागं करतं आणि मेंदूच्या भावनांशी निगडित भागात हालचाल घडवतं, असं दाखवलं. यावरून जाहिरातवाल्यांनी लगेच आकर्षणाच्या गोष्टी रचल्या. त्या प्रयोगात कोणी कोणाच्या प्रेमात पडल्याचं दिसलेलं नाही, तेव्हा अत्तर निवडताना हे मनावर घेऊ नये.

रोजच्या वापरासाठी मी 'ओ सोव्हाज'च्या बाजूने आहे. आजची बाटली १९६६चीच आहे असं कोणी समजू नये. ओकच्या शेवाळातल्या ज्या दोन घटकांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते त्यांच्यावर युरोपात बंदी आली आहे, आणि शेवाळावर उभ्या असलेल्या जवळपास सगळ्याच जुन्या अत्तरांचा तळ त्यामुळे पातळ झाला. तरी मधली मोकळी जागा शाबूत आहे. सकाळी आंघोळीनंतर गळ्याखाली एक आणि सदऱ्याच्या आतल्या बाजूला एक फवारा. कापडावर ते त्वचेपेक्षा जास्त टिकतं. शेजारी बसलेल्याला त्रास होत नाही, आणि दुपारी चारला, एसीतून बाहेर उन्हात पाऊल टाकलं की ते पुन्हा एकदा वर येतं. 'आक्वा दि जो' मी सुट्टीच्या दिवसासाठी, उघड्यावरच्या संध्याकाळसाठी ठेवतो. भोवती वारं असलं की कॅलोनचा हट्ट जाणवत नाही. आणि विकत घेण्याआधी कोणतंही ताजं अत्तर दुकानात पट्टीवर हुंगून ठरवू नये. पट्टीवर लिंबू आणि कलिंगड जिंकतात. मनगटावर घेऊन बाहेर पडावं, एखादं काम उरकावं, जेवावं, आणि मग जे उरलं आहे ते आपल्याला हवंय का ते बघावं.